मुळात तो असा नव्हताच!

"अगं, ऐकलंस का? त्या स्नोच्या घरी म्हणे खायचे वांधे होते!"

काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली की समजायचं, बातमी मोठी आहे. काकू हायस्कुलातल्या निवृत्त शिक्षिका, विषय इंग्रजी. आमच्या धाकटीच्या कपाटातली पुस्तकं एकेक करून भिंतीपलीकडे जातात आणि पानांवर हळदीची बोटं घेऊन परत येतात. पुस्तकातली माणसं मात्र काकू परत करत नाहीत. ती त्यांच्या लेखी आमच्या गल्लीतलीच होऊन जातात.

"कोण, प्रेसिडेंट स्नो?"

"तोच तो. 'हंगर गेम्स'मधला म्हातारा. कोटाला गुलाब खोचतो आणि दरवर्षी चोवीस पोरं रिंगणात सोडून एक उरेपर्यंत कापाकापी बघत बसतो. तीन पुस्तकं आपण त्याला शिव्या घातल्या की नाही? आता हे वाच. चौसष्ट वर्षं मागची गोष्ट. हा अठराचा. आईबाप नाहीत, घरात म्हातारी आजी, घराण्याचं नाव मोठं आणि डब्यात दाणा नाही. कोबी उकडून खातात गं! समारंभाला जायला धड शर्ट नाही, म्हणून त्याची चुलतबहीण, ती तायग्रिस, बापाचा जुना शर्ट नीट करून देते आणि बटणं म्हणून न्हाणीघरातल्या फरशीचे तुकडे लावते."

"मग दया आली तुम्हाला त्याची?"

"निम्म्या पुस्तकापर्यंत आली. लिहिणाऱ्या बाईंची हुशारी तिथेच आहे. आधी दया आणते आणि मग एकेक प्रसंगात दाखवते, की बाबा, इथे तुला दुसरी वाट होती. इथेही होती. तू आपल्या पायांनी या वाटेने गेलास. आपल्याकडे कुणी वाया गेला की म्हणतात ना, मुळात तो असा नव्हताच! बाई विचारते, नव्हता, तर झाला कधी? नेमका कुठल्या दिवशी?"

सुझन कॉलिन्सची 'हंगर गेम्स'ची पहिली तीन पुस्तकं 2008, 2009 आणि 2010 साली आली. मग दहा वर्षं, या गोष्टी जिथे घडतात त्या पॅनेम देशाबद्दल तिने पुस्तक काढलं नाही. 2020 साली 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' आलं, ते स्नोच्या तरुणपणाचं. पुस्तकाच्या सुरुवातीला हॉब्ज, लॉक आणि रूसो यांची वचनं आहेत. माणसावरचे कायदे-नियम काढून घेतले तर खाली काय उरतं, हा त्या तिघांचा वाद. काकूंनी तो दोन वाक्यांत निकालात काढला. "आमच्या वर्गावर एक तास ऑफ असला की कळायचं काय उरतं ते."

मी म्हटलं, "काकू, पण शेवट आधीच माहीत असताना वाचवतं कसं? हा पुढे हुकूमशहा होणार, म्हाताऱ्या वयात मरणार, सगळं ठाऊक आहे. त्याला रिंगणाच्या कडेला कितीही संकटात टाका, हा जगणार हे आपल्याला माहीत."

"आणि कीर्तनाला जातेस तेव्हा? रावण मरणार हे बुवांना माहीत, तुला माहीत, शेजारी पेंगणाऱ्या आजींना माहीत. तरी बसतेसच ना? अगं, गप्पांचे मुळात प्रकारच दोन. एक, 'पुढे काय झालं गं?' आणि दुसरा, 'पण मुळात हे झालंच कसं?' पहिल्यासाठी माणूस दारात उभ्या उभ्या थांबतो. दुसऱ्यासाठी आत येऊन बसतो."

सिक्वेल आणि प्रीक्वेलची याहून सोपी फोड मी ऐकलेली नाही.

एवढ्यात व्हरांड्यातून काकांनी पेपर खाली केला. काका बोलतात थोडं, पण विषय सिनेमाचा असला की पेपर खाली येतो. "दोन्ही एकाच वेळी करता येतात. 'गॉडफादर'चा दुसरा भाग बघा, 1974. इकडे मुलगा मायकल बापाची गादी चालवतोय, तिकडे लहानपणी सिसिलीतून न्यूयॉर्कला आलेला बाप व्हिटो तरुणपणी उभा राहतोय. बाप कुटुंबासाठी गुन्हेगार झाला आणि मुलाने गुन्हेगारीपायी कुटुंब संपवलं. दोन काळ शेजारी ठेवले म्हणून ते दिसलं. सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला दुसरा भाग." पेपर परत वर.

"यांना इटलीतल्या घराण्यांची खडान्‌खडा माहिती," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "आणि स्वतःच्या आतेबहिणीच्या मुलाचं नाव विचार."

मी विषय पुढे ढकलला. "पण हे भागांचं खूळ अलीकडचंच ना? पैशासाठी?"

"पैशासाठी खरं, पण अलीकडचं मुळीच नाही. 'चौघीजणी' वाचलंयस ना?"

हा प्रश्न मराठी बाईला विचारायचा नसतो. शांता शेळक्यांनी मराठीत आणलेल्या त्या चार बहिणी आमच्या पिढीच्या सख्ख्या आहेत.

"मूळ 'लिट्ल विमेन' दोन भागांत आलं. पहिला 1868 साली, दुसरा 1869 साली. प्रकाशकाने लुइझा मे अल्कॉटकडे मुलींसाठी पुस्तक मागितलं होतं आणि तिला त्यात फारसा रस नव्हता. पुस्तक निघालं आणि हातोहात गेलं. मग मुलींची पत्रं सुरू झाली, की या बहिणींची लग्नं कुणाशी होतात? अल्कॉट वैतागली. मुलीच्या आयुष्याचं सार्थक लग्नातच असतं का, असा तिचा सवाल. त्या बहिणींतल्या ज्योचं शेजारच्या लॉरीशी लग्न लावून द्यावं, ही सगळ्यांची इच्छा. तिने ठरवलं, कुणाला बरं वाटावं म्हणून ते करणार नाही. आणि नाहीच केलं! दिलं लावून एका दाढीवाल्या, वयाने मोठ्या जर्मन प्रोफेसराशी."

"त्यावरून मी दोन दिवस जेवले नव्हते."

"सगळ्याच रुसल्या. पण बघ, दुसरा भाग लोकांच्या हट्टापायी लिहिला, तरी काय लिहायचं ते तिने ठरवलं. वाचकाने ऐकायला मागितलं ते दिलं आणि जे घडावंसं वाटत होतं ते नाकारलं. मास्तरकी अशी करायची असते."

काकांचा पेपर पुन्हा खाली. "होम्सचं सांग की तिला."

"सांगते हो! कॉनन डॉइलला होम्सचा कंटाळा आला. 1893 साली त्याने त्याला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात ढकलून दिलं. वाचक खवळले. मग 1901 साली ती शिकारी कुत्र्याची कादंबरी मासिकात सुरू केली, 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'. आता मेलेला माणूस आणायचा कसा? सोपं आहे, ही हकीकत तो मरायच्या आधीची! मागचं सांगितलं की मढं उठवावं लागत नाही. पण लोक तेवढ्यावर थांबतात होय? 1903 साली त्याला अखेर जिवंत करून परत आणावंच लागलं."

"आपल्याकडे नव्हतं बाई असं काही."

"नव्हतं? तुमच्या त्या बोलपटाच्या जमान्यातसुद्धा होतं," काका उठूनच आले. "1935 साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली'. नायिका नाडिया चाबूक घेऊन घोड्यावर. आणि 1943 साली कोणता आला? 'हंटरवाली की बेटी'! दुसरा भाग काढायची आपली पद्धत तेव्हाच ठरली. पहिल्या भागातलं माणूस म्हातारं झालं असेल तर त्याचं पोर उभं करायचं."

हे मात्र पटलं. महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'चंच बघा. पहिला भाग 1993 चा, दुसरा 2013 चा. मधल्या काळात, 2004 साली लक्ष्मीकांत बेर्डे गेले. मग दुसऱ्या भागात त्यांच्या पात्राचा मुलगा आणला, आणि तात्या विंचू हा बाहुला मात्र तोच. रामदास पाध्यांच्या बाहुल्याला वय होत नाही, ही त्या धंद्यातली मोठी सोय.

"आणि 'नवरा माझा नवसाचा'," काकू म्हणाल्या. "2004 साली एसटीने गणपतीपुळ्याला निघाले, 2024 साली कोकण रेल्वेने. अशोक सराफ आधी कंडक्टर, मग टीसी. वीस वर्षांत महाराष्ट्राने एवढी प्रगती केली. नवस तसाच."

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एवढा वेळ भांडी घासत ऐकत होत्या. त्या नळ बंद करून म्हणाल्या, "मला त्या 'टाइमपास'मधल्या पालवीचं फार वाईट वाटलं."

आम्ही दोघी वळलो. मावशी क्वचित मत देतात, पण दिलं की ते शेवटचं असतं.

"बघा की. पहिल्यात दगडू आणि प्राजक्ता. दुसऱ्यात दोघं मोठी होऊन परत भेटली, झालं सगळं. आणि मग कधीतरी सात वर्षांनी तिसरा काढला, तो मधल्या काळातला. त्यात ही पालवी त्याच्यावर जीव टाकते. पण आपल्याला आधीच माहीत ना, दगडू शेवटी कुणाचा होणार ते. त्या पोरीला एकटीला ते माहीत नाही. थेटरात सगळी हसत होती, मला हसू येईना."

काकूंनी भिंतीवर थाप मारली. "ऐक, ऐक! याला म्हणतात समीक्षा. रवी जाधवांनी 2014 ला पहिला काढला, 2015 ला दुसरा, 2022 ला तिसरा. तिसऱ्याबद्दल लोक काय काय बोलले, पण मावशींनी सांगितलेली गोम कुणी सांगितली नाही. पुढचं आधी कळलं की मागचं माणूस जास्त उघडं पडतं."

"आणि 'मुंबई-पुणे-मुंबई'?" मी विचारलं, कारण तो माझा आवडता.

"पहिला 2010 चा, फार गोड. एक दिवस, एक मुलगी, एक मुलगा, पुण्याचे रस्ते, आणि त्यांची नावंसुद्धा आपल्याला कळत नाहीत. दुसऱ्यात, 2015 ला, नावं कळली, गौतम आणि गौरी, आणि लग्न ठरलं. तिसऱ्यात, 2018 ला, दिवस गेले. आपल्याकडच्या आत्याबाईंना मानधन दिलं असेल बघ पटकथेचं. 'कुठे भेटलात? लग्न कधी? गोड बातमी कधी?' तीन प्रश्न, तीन सिनेमे."

हसून झाल्यावर मी माझी तक्रार काढली. मला राग येतो तो शेवटचं पुस्तक कापून दोन सिनेमे करण्याचा. 'हॅरी पॉटर'च्या सातव्या पुस्तकाचे 2010 आणि 2011 असे दोन तुकडे केले. ते चाललं. मग 'ट्वायलाइट'वाल्यांनी 2011 आणि 2012 मध्ये केलं, 'हंगर गेम्स'वाल्यांनी 'मॉकिंगजे'चं 2014 आणि 2015 मध्ये केलं. यात लेखकाला नवीन काही सांगायचं नसतं. तिकीटबारी तेवढी दोनदा उघडते.

"आणि ते कधी अंगाशी येतं, ठाऊक आहे?" काकूंचे डोळे चमकले. ही बातमी त्यांनी राखून ठेवली होती. "'डायव्हर्जंट'! व्हेरॉनिका रॉथची तीन पुस्तकं, 2011 ते 2013. तिसऱ्यात तिने चक्क नायिकेला, ट्रिसला, मारलं. पोरीबाळी रडल्या, चिडल्या. सिनेमावाल्यांनी तिसऱ्या पुस्तकाचे दोन भाग करायचं ठरवलं. त्यातला पहिला 2016 ला आला आणि आपटला. मग पुढचा भाग टीव्हीवर काढू म्हणाले, तोही बारगळला. झालं काय, पुस्तकात ट्रिस मेली आणि पडद्यावर अजून जिवंत आहे! लेखिकेने मारलेली पोर तिकीटबारीने वाचवली."

"'हॅरी पॉटर'च्या आधीच्या काळातल्या 'फँटास्टिक बीस्ट्स'चं तेच की. पाच भाग येणार होते. 2016, 2018, 2022 असे तीन आले आणि गाडी थांबली."

"नुसता काळ मागे नेऊन चालत नाही ना. मागे जायला कारण लागतं. ते 'स्टार वॉर्स' घे. 1977 साली काळा मुखवटा घालून डार्थ व्हेडर आला, नुसत्या श्वासाच्या आवाजाने लोक घाबरले. 1999 साली मागची गोष्ट काढली, तर मुखवट्याखाली नऊ वर्षांचा गोंडस मुलगा. आता घाबरा!"

"पण तुमचा स्नोसुद्धा पोरगाच दाखवलाय ना?"

काकू थोड्या थांबल्या. त्यांना अडवणारा प्रश्न त्यांना आवडतो, शाळेतली सवय. "फरक आहे. स्नोची गोष्ट वाचल्यावर जुना स्नो जास्त भयंकर वाटतो. कारण आता कळतं, याला भूक काय असते ते माहीत आहे, आणि माहीत असूनही तो लोकांना उपाशी ठेवतो. मागचं सांगून पुढचं बदललं पाहिजे, तर ते सांगण्यात अर्थ. कॉलिन्सबाईंचं 2025 चं पुस्तक घे, 'सनराइज ऑन द रीपिंग'. धाकटीने दिलं ना मला ते आधी?"

दिलं होतं. त्या पुस्तकाची तऱ्हा अशी, की ते दुकानात यायच्या आधीच त्यावरच्या सिनेमाची तारीख जाहीर झाली होती. माझ्या मते तिथेच पाणी मुरत होतं. काकूंनी माझी शंका मोडून काढली.

"हेमिच आठवतो? तो दारुडा. पहिल्या पुस्तकात आपण त्याला हसलो. हे पुस्तक त्याच्या सोळाव्या वर्षाचं, पन्नासाव्या खेळांचं, जेव्हा दुप्पट, अठ्ठेचाळीस पोरं पाठवली. त्या खेळांचं चित्रण मूळ गोष्टीतली ती दोन पोरं, कॅटनिस आणि पीटा, दुसऱ्या पुस्तकात, 'कॅचिंग फायर'मध्ये बघतात. आपणही त्यांच्याबरोबर ते बघितलं आणि खरं मानलं. आणि आता सोळा वर्षांनी बाई सांगते, ती फीत कापून-जोडून केलेली होती! सरकारने हवं ते ठेवलं, नको ते उडवलं. म्हणजे जुन्या पुस्तकातलं पान होतं तसंच आहे, एक अक्षर बदललेलं नाही, आणि तरी ते खोटं ठरलं. ह्यूम नावाच्या तत्त्वज्ञाने विचारलं होतं, मूठभर माणसं एवढ्या मोठ्या जनतेवर राज्य करतात ते कसं? त्यावरून तिला हे सुचलं. सिनेमाची तारीख ठरली असेल, पण आधी प्रश्न ठरला होता. दारुड्याला आता हसून दाखव."

मी हसले नाही. त्या पोराची आई, धाकटा भाऊ आणि प्रेयसी, तिघांचंही सरकारने काय केलं ते मीही वाचलं होतं.

"आणि एक बाजू ऐकून झाली की दुसरी बाजू ऐकायची, तोही एक प्रकार," मी म्हटलं. "'ट्वायलाइट' मुलीने सांगितलं. मग 2020 साली तीच गोष्ट त्या रक्तपिपाशा मुलाच्या तोंडून, 'मिडनाइट सन'. ते म्हणे 2008 सालीच निम्मं झालं होतं, पण प्रकरणं बाहेर फुटली म्हणून लेखिकेने लिहिणं सोडून दिलं होतं."

"बारा वर्षांनी नवऱ्याची बाजू. आमच्याकडे अजून आलेली नाही." व्हरांड्यातून काही उत्तर आलं नाही.

मग काकूंनी मला जुन्या ग्रंथांकडे नेलं; तो त्यांचा हुकमी पत्ता. "आपल्याकडे हे सगळं केव्हाच झालंय. महाभारतात कृष्ण येतो कधी? द्रौपदीच्या स्वयंवरात, चांगला मोठा होऊन. गोकुळ, गाई, लोणी, कालिया, त्यातलं काही सविस्तर नाही. श्रोते विचारणारच, हा लहानपणी कसा होता? म्हणून मागाहून हरिवंश जोडला. रामायणाचंही बालकांड आणि उत्तरकांड नंतरची, असं कितीतरी अभ्यासक मानतात. आधी काय आणि नंतर काय, दोन्हीकडून वाढवलं. पण उत्तरकांडात काय वाढवलं बघ. राज्याभिषेकाने गोष्ट गोड संपली होती. कुणीतरी विचारलं, आणि सीता? त्या गोड शेवटाची किंमत कुणी दिली? चांगला दुसरा भाग हाच प्रश्न विचारतो."

"म्हणजे 'दृश्यम'!"

"हां! 'दृश्यम'. मूळ मल्याळम, 2013. हिंदी आपल्या निशिकांत कामतांनी केला, 2015 साली, गोव्यात. विजय साळगावकर सुटला, आपण टाळ्या वाजवल्या, घरी आलो. 2022 च्या दुसऱ्या भागापर्यंत कामत राहिले नाहीत, दिग्दर्शक दुसरा आला. पण प्रश्न बरोबर होता. सुटल्यावर त्या घरात झोप लागत असेल का? मोठ्या मुलीला झटके येतात. बायको सदा धास्तावलेली. गावातले लोक कुजबुजतात. आणि त्या बिचारीने मन मोकळं केलं ते शेजारणीजवळ. आणि ती शेजारीण कोण निघाली?"

"पोलीस."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग काकू म्हणाल्या, "तुझे मिस्टर नक्की कुठल्या खात्यात आहेत गं?"

मावशी आतून फिस्सकन हसल्या.

"काकू, आता शेवटचं विचारते. तुमच्या हातात असतं तर 'हंगर गेम्स'चं पुढचं पुस्तक कुणावर लिहायला लावलं असतंत?"

"तायग्रिसवर," क्षणाचाही विलंब न लावता. "बघ ना. स्नोच्या पुस्तकात ती चुलतभावासाठी फरशीची बटणं करते, स्वतःच्या तोंडचा घास त्याला देते. आणि 'मॉकिंगजे'मध्ये कोण ती? वाघासारखा चेहरा करून घेतलेली म्हातारी दुकानदारीण. स्नोला मारायला निघालेल्या पोरांना ती आपल्या तळघरात लपवते. मधली साठ-पासष्ट वर्षं कुठेच नाहीत. काय झालं असेल दोघांत? त्याने तिला टाकलं, की तिने त्याला ओळखलं?"

"मग लिहायलाच हवं ते."

"खबरदार!" काकूंचा वर्गातला आवाज निघाला. "तेवढं एक लिहू नये तिने. सगळं भरून टाकलं तर आपण काय बोलायचं? बाईने दोन टोकं दिली आहेत, मधलं आपल्यावर सोडलंय. ती लुसी ग्रे तशीच. गाणारी मुलगी, स्नोचं पहिलं प्रेम. पुस्तकाच्या शेवटी जंगलात गेली, याने गोळ्या झाडल्या, आणि पुढे पत्ता नाही."

"मेली असणार. त्याचा नेम चांगला होता."

"मुळीच नाही मेली. ती उत्तरेला गेली. चांगली चलाख पोर होती, सापही तिचं ऐकायचे."

"काकू, रक्त, पाऊस, एकटी मुलगी, खायला काही नाही..."

"तुला मेलेलीच बघायची आहे का ती? रानातलं कंदमूळ तिला ठाऊक होतं. चांगली जगली असेल. लग्न केलं असेल. दुसऱ्या गावात गाणी शिकवत असेल पोरांना."

"गोळी लागली हो तिला," मावशी आतून म्हणाल्या. त्यांनी सिनेमा पाहिला होता, हे आम्हाला नवीनच.

काका पेपर घडी करत भिंतीजवळ आले. "भांडताय कशाला? काढतील की दोनेक वर्षांत पुढचा भाग. कळेल तेव्हा."

"नको!" आम्ही तिघी एकदमच ओरडलो.